पहिल्या तारेचा मान

“गाठी मोठ्यानं मोज,” मी पीरमहंमदला म्हणाले. “मला ऐकू आल्या पायजेत. आज वारं न्हाई, तवा ते निमित्त बी सांगू नको.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. विहिरीच्या काठावर एक गुडघा टेकून तो दोरी खाली सोडत राहिला. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन होतं आणि फुटाफुटावर गाठ. चैत्रातलं ऊन डोक्यावरून थोडं कललं होतं. तीन वाजायला आले होते.

“चाळीस. येकेचाळीस. बेचाळीस.” तो थांबला. वजन पाण्याला टेकलं की दोरी सैल पडते. ती अजून ताठ होती. “त्रेचाळीस. टेकलं.”

“आन हिकडं ती.”

“तुमी मोजता, वैनी?”

“का? माझ्या बापानं मला त्रेचाळीसपातूर शिकवलं न्हाई व्हय?”

मी दोरी घेतली, वर ओढली, पुन्हा सोडली आणि एकेक गाठ बोटाखालून घातली. त्रेचाळीसच भरली. तरी माझं समाधान झालं नाही. विहिरीवर त्रेचाळीस मोजायचं आणि खोपीत जाऊन तारेच्या यंत्रावर सदतीस ठोकायचं, असं करणाऱ्याला दोरीनं कसं पकडणार? म्हणून मी त्याच्या मागोमाग खोपीपर्यंत गेले.

या माणसाला मी बावीस वर्षं ओळखत होते. माझ्या मालकांच्या हयातीत त्यानं याच विहिरीवर आमची मोट हाकली. पुढे सरकारनं आमच्या गावाला लागून, कोल्हारपासून तीन कोसांवर, शेतीचं संशोधन केंद्र काढलं. त्यात आमची वरच्या अंगाची जमीन गेली आणि जमिनीबरोबर मालकांनी पाडलेली विहीरही गेली. बदल्यात माझ्या पोराला, आसारामला, केंद्रात काम मिळालं. विहिरीचं पाणी रोज मोजून आकडा तारेनं कचेरीला कळवायला माणूस हवा होता, तिथे पीरमहंमदला मीच लावून दिलं. म्हणूनच तो खोटे आकडे देतोय असं कळल्यावर माझं डोकं फिरलं. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. आपण लावलेल्या माणसानं फसवलं की आपलीच अक्कल निघते.

बहात्तरचा पाऊस आला नव्हता आणि हा त्याच्या पुढचा उन्हाळा होता. गावातल्या बाकीच्या विहिरींनी माघातच तळ दाखवला होता. सकाळी आम्ही बायका या विहिरीवरून पाणी शेंदायचो, दुपारी केंद्राचा पंप चालायचा, त्यांच्या प्रयोगाच्या वाफ्यांना. पंप किती वेळ चालवायचा हे रोजच्या आकड्यावरून ठरत असे. आता गंमत बघा. केंद्राच्या कागदावर पाणी अडतीस फुटांवर, दुसऱ्या दिवशी छत्तीसवर, तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस, की पुन्हा सदतीस. असल्या दुष्काळात एका रात्रीत दोन दोन फूट पाणी चढत होतं! पाणी टिकतंय म्हणून साहेबानं पंप दोन तासांचा चार तास केला. आणि इकडे आम्ही दर आठवड्याला शेंदायच्या दोराला दोर जोडत होतो.

शेवटी केंद्राच्या लिमये साहेबांना शंका आली. त्यांनी एक दिवस कारकुनाला टेप घेऊन विहिरीवर पाठवलं. पाणी बेचाळीसवर निघालं आणि त्या दिवशी कागदावर होतं सदतीस. झालं! माणूस दोरी सोडतच नाही, खोपीत सावलीला बसून मनाला येईल तो आकडा ठोकतो, असं ठरलं. शनिवारी त्याला मोकळा करायचा आणि सोमवारी नवा माणूस आणायचा. पीरमहंमद म्हणाला, मी बेचाळीसच ठोकलं, माझ्या खोपीतल्या कागदावर बघा. त्या कागदावर बेचाळीस होतंही. पण तिथल्या यंत्राचं एक बटण फिरवलं की कचेरीशी जोडलेली तार सुटते, मग आपल्या कागदावर वाटेल ते छापता येतं, म्हणून तो पुरावा कुणी धरला नाही.

मीही धरला नाही. उलट चार बायांच्या देखत विहिरीवर त्याला म्हणाले, “पीरमहंमद, ज्या विहिरीनं तुझी लेकरं वाढली तिचं पानी इकतोस व्हय रं? पंपवाला काय देतो तुला?” त्यानं नुसती टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा घातली. गप्प बसणाऱ्याचा मला आधीपासूनच संशय येतो.

खोपीत त्याचं टकटक यंत्र लाकडी खोक्यावर ठेवलेलं होतं. केंद्राची माणसं त्याला टेलिप्रिंटर म्हणतात. पीरमहंमदनं बटण मला दाखवलं. “तार जोडलेली हाय, बगा. आता मी हात लावीत न्हाई त्येला.” मग एका बोटानं चार आणि मग तीन दाबलं. इंग्रजी आकडे मला एसटीच्या तिकिटावरून येतात. कागदावरही ४३ उमटलं.

“आता काय म्हन्ता, वैनी?”

“अजून काय म्हनत न्हाई. कागद बगून म्हनंन.”

“बगा. पर आजच बगा. उद्या मी नसनार.”

खोपीपासून केंद्राची कचेरी दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. ती वाट मी तावातावानं चालले. कुणाला तरी आज पकडायचंच होतं, तो कोण एवढंच ठरायचं होतं.

कचेरीतल्या त्या मशीनबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटर म्हणतात, परदेशातून भेट आलेला. दोन कपाटांएवढा, आणि त्याला माणसापेक्षा जास्त गारवा लागतो. त्याच्यापासून दोन तारा निघतात. एक हवामानाच्या खोपीकडे जाते, तिथे आबासाहेब रोज तीन वाजता उन्हाचा पारा बघून ठोकतो. दुसरी विहिरीकडे. दोन्ही आकडे तारेनं येतात आणि मशीन ते ठिकाणाच्या नावासकट मोठ्या कागदावर छापतं. मी पहिल्यांदा आसारामची भाकरी घेऊन तिथे गेले तो फाल्गुन होता. मशीन बघून मी साहेबांना विचारलं, “तारेच्या त्या टोकाला कोन बसलंय, हे ह्येला कसं दिसतं?”

लिमये साहेब पुण्याचे. कुणी विचारलं की त्यांना आनंद होतो. “दिसत नाही, बाई. याला डोळे नाहीत. याचा जो मूळ कार्यक्रम आहे, त्याला आम्ही गाभा म्हणतो, त्याला आधी यादी द्यावी लागते. तारेच्या टोकाला कुठल्या जातीचं यंत्र आहे, ते किती वेगानं बोलतं, कुठल्या ठिकाणाचं आहे. यादीत लिहिलंय तेवढंच त्याचं जग.”

“तारेवरून इचारून घेत न्हाई? तू कोन म्हनून?”

“ही यंत्रं स्वतःचं नाव सांगत नाहीत. नुसता आकडा पाठवतात.”

“आन यादीच खोटी असली तर?”

“तर तीच खरी धरून चालेल.”

“म्हंजे सोयरिकीतल्या मध्यस्थावानी झालं की. त्यो म्हनंल ती पोरगी गोरी.”

साहेब मोठ्यानं हसले. मला मात्र हसू आलं नाही. पोरगी न बघता होकार देणाऱ्याच्या हाती गावाचं पाणी होतं.

ती यादी आसारामच्या वहीत होती. तो वहीतून वाचून कागदी फितीवर भोकं पाडायचा आणि ती फीत मशीनला खायला घालायचा. मी वही ओढून घेतली. दुसरीपर्यंत शिकले आहे, आपलं अक्षर मला वाचता येतं. वर लिहिलं होतं, हवामान खोपी. खाली, पुंजाराम विहीर. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण डोळ्यांनी वाचायला कुणाची बंदी? आणि वाचलं ते सगळ्यांत खाली.

“आसाराम, ह्ये खाली का?”

“कुटंतरी लिवावं लागतं ना, आई.”

“हवामान खोपीत आबासाहेब बसतो. त्यो तुझ्या बापाच्या चुलतभावाचा पोरगा. लग्नपत्रिकेत चुलत्याच्या आधी पुतन्याचं नाव घालत्यात व्हय? जमीन आपली, इहीर आपली, आन नाव तळाला?”

“आई, मशीनला मान कळत न्हाई.”

“तुला तर कळतो ना?”

माझं पोरगं माझ्यापुढे उलटून बोलत नाही, ही माझी शिस्त. जुनी फीत तशीही चुरगळून फाटायला आली होती. दोन दिवसांनी त्यानं वहीचं नवं पान केलं, वर बापाची विहीर, खाली हवामान, आणि त्यावरून नवी फीत पाडली. घरी येऊन मला तसं सांगितलंही. त्या दिवशी मी त्याला गुळाचा शिरा करून घातला होता.

तर आता मी कचेरीच्या दारात पोचले.

“आई, चपला भाईर,” आसाराम आतून म्हणाला.

“आजचा कागद दाव.”

“आगं पर...”

“दाव म्हन्ते ना.”

त्यानं कागद पुढे केला आणि इंग्रजी नावं बोट ठेवून वाचून दाखवली. वरच्या ओळीत विहीर आणि पुढे अडतीस. मी स्वतःच्या डोळ्यांनी त्रेचाळीस ठोकताना पाहिलेलं. पीरमहंमद सुटला, हे त्याच क्षणी कळलं. मग लबाड कोण? माझी नजर पोराच्या हातांकडे गेली.

“तू बदलतोस व्हय रं आकडे? पंपवाल्यानं तुला गाठलं का?”

“आई! मी हात बी लावीत न्हाई. मशीन छापतं, मी फाडतो.”

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. हा खोटं बोलला की डावी पापणी हलते, जन्मापासून. हलली नाही. मग मी कागदाची खालची ओळ वाचली. हवामान, त्रेचाळीस.

तेवढ्यात आबासाहेब चहाला कचेरीच्या ओसरीत आला. मी बाहेर गेले.

“आबा, आज पारा किती रं?”

“अडतीस, काकू. का वो?”

“त्रेचाळीस न्हवं?”

“त्रेचाळीस आसता तर मी खोपीतच शिजलो आसतो की! तुमी मला उचलायला आला आसता.”

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याचं काम आकडा ठोकायचं. कागदावर काय छापलं ते बघायचं काम त्याचं नव्हतं, आणि जे बघत होते त्यांना चैत्रात एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस उन्हाचं नवल वाटत नव्हतं. ऊन वाढत चाललंय, एवढंच म्हणाले. उलट आबासाहेबाची नोंद कशी ओळीत येते, असं साहेबानं कौतुकही केलं होतं. विहीर तेवढी खालीवर नाचत होती, म्हणून संशय विहिरीवर.

मी आत आले आणि दार लोटून घेतलं.

“आसाराम, मशीनला कसं कळतं कंचा आकडा कुनाचा?”

“यादीवरनं. सांगितलं हुतं की साहेबांनी.”

“यादीत तारेचा नंबर लिवतोस?”

“नंबर न्हाई लिवावा लागत. पयलं नाव ते पयल्या तारेचं, दुसरं ते...”

तो तिथेच थांबला. ओठ तसेच उघडे. गारव्याच्या खोलीत पोराच्या कपाळाला घाम आला.

मीच पुरं केलं. “दुसऱ्या तारेचं.”

“आई, तार तर बदलली न्हाई. तार पयलीच हवामानाची हाय.” तो खुर्चीवर बसला. “मला वाटलं, दोन नावं हुती, दोन्ही हायेत. साहेबांनी इचारलं बी, यादी तीच हाय ना? मी म्हनलं, तीच.”

मशीनचा दोष नव्हता आणि पीरमहंमदचाही नव्हता. मशीनला मान कळत नव्हता, पण कोण वर आणि कोण खाली एवढं मात्र पक्कं कळत होतं. विहिरीच्या डोक्यावर मी मानाचा तुरा खोवला आणि मशीननं बिचाऱ्यानं तो खरा मानला.

“कुनाला बोलू नगं, आई,” आसाराम हळूच म्हणाला. “नोकरी कच्ची हाय. येत्या म्हैन्यात पक्की व्हनार. ह्ये कळलं तर मला खडी फोडायलाच जावं लागंल.”

आता जे लिहिते ते लिहायला हात जड होतो. पुढची युक्ती माझ्या पोराच्या डोक्यातून निघाली नाही. त्याच्या डोक्यात एवढं नाही. ती माझ्याच डोक्यातून निघाली. मी म्हणाले, “उद्या पीरमहंमद जानार. सोमवारी नवा मानूस येनार. सोमवारी सकाळी तू नवी फीत पाड, आदीसारखी. नव्या मानसाचे आकडे बराबर येतील.”

“मग सगळे म्हनतील, पीरचाचाच खोटा हुता.”

“म्हनू दे.”

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी चपला घातल्या आणि घरी आले.

शनिवारी पीरमहंमदनं खोपीची किल्ली परत केली. बायकांनी विहिरीवर मला सांगितलं, बरं झालं झुंबरबाई, तुम्ही बोलला म्हणून चोर सापडला. मी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि तडक निघाले. एरवी कुणी माझं कौतुक केलं तर मी दोन पावलं थांबून ऐकते. रविवारी मुबारकबी, पीरमहंमदची बायको, पाण्याला आली. बायांनी तिला जागा दिली नाही असं नाही, पण दिलीही नाही. ती बाजूला उभी राहिली, सगळ्यांचं झाल्यावर घागरीच्या बुडाशी येईल एवढं गढूळ पाणी घेऊन गेली. मी तिथेच होते. माझी घागर केव्हाच भरली होती.

मी स्वतःला समजावत होते. त्याची पोरं कमावती आहेत. थोरला संगमनेरला हमाली करतो. माझा एकच. पीरमहंमदला नोकरी गेल्याचं दुःख होईल, आमचं तर घर उघडं पडेल. असं पुष्कळ समजावलं. पण ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडलं तिला स्वतःचं गिळता येत नाही.

सोमवारी सकाळी मी अंगणात शेणी थापत होते. फाटकाशी पीरमहंमद येऊन उभा राहिला. आत आला नाही. मला वाटलं, भांडायला आला. माझं उत्तर तयार होतं.

“वैनी, नवा मानूस आज येनार म्हनं,” तो म्हणाला.

“मग?”

“त्येला येक सांगा. दोरीची अठरावी गाठ सैल झालीया, वल्ल्या दोरानं. ती सुटली तर मोजताना येक फूट कमी भरंल. मी रोज आवळून घेत हुतो. त्यो नवा, त्येला म्हाईत नसनार. उगाच आकडा चुकायचा.”

“ह्ये सांगाया आलास?”

“इहीर तुमची. तुमाला न सांगता कुनाला सांगू?”

एवढं बोलून तो वळला. माझे हात शेणानं भरलेले, तसेच हवेत राहिले. ज्याला मी खोटारडा म्हटलं तो एका फुटासाठी सकाळी सकाळी माझ्या दाराशी आला होता, आणि मी पुरे तीन दिवस पाच फूट झाकून बसले होते.

हात धुतले, लुगडं नीट केलं आणि कचेरी गाठली. आसाराम नव्या फितीला भोकं पाडत बसला होता. मला बघून त्याचा हात थांबला.

“पाड, पाड,” मी म्हणाले. “पर साहेबांच्या म्होरं पाड.”

लिमये साहेबांना मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसा म्हणाले, बसले नाही. “पीरमहंमदचे आकडे खरे हुते. यादीत वरचं खाली आन खालचं वर मी कराया लावलं. पोरानं आईचं ऐकलं, येवढाच त्येचा गुना.”

साहेबांनी लगेच विश्वास ठेवला नाही. महिन्याभराचे कागद काढले, दोन्ही ओळी एकमेकांशेजारी धरल्या, मग आसारामची वही मागितली. वहीचं जुनं पान आणि नवं पान ताडून बघितलं. “दोन्ही टेलिप्रिंटर एकाच जातीचे, एकाच वेगाचे,” ते स्वतःशीच म्हणाले. “वेगळे असते तर अक्षरांचा चिवडा झाला असता, पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि यादी बदलली तेव्हा दोन्ही आकडे सदतीसच्या आसपास होते. कुणाला दिसणार?” मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “पण बाई, तुम्हाला कशासाठी वर हवं होतं ते नाव?”

“मानासाठी.”

त्यांनी वही मिटली. पुण्याच्या माणसालाही मान म्हणजे काय ते कळत असावं. आसारामला त्यांनी मशीनच्या खोलीतून काढलं. नोकरीवरून नाही, पण पक्की होण्याच्या यादीतून नाव गेलं, आणि त्याच दुपारपासून तो वाफ्यांवर पाण्याचे पत्र्याचे डबे वाहायला लागला. पोरगा माझ्याशी त्यावरून एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

“पीरमहंमदला बोलवायला शिपाई पाठवतो,” साहेब म्हणाले.

“शिपाई नगं. मी जाते.”

पीरमहंमदचं घर गावाच्या पश्चिमेला, फकिराच्या तकियाच्या मागे. दारात मुबारकबी तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“पीरभाऊ हाय का?”

“हायेत.” आणि आत हाक मारली, “अवो, मालकीन आल्यात.”

बस म्हणाली नाही. मीही वाट बघितली नाही. तो बाहेर आला, अंगात बनियन, खांद्यावर पंचा. मी उन्हात उभी, तो दाराच्या सावलीत. मी सांगितलं, यादीचं, नावाचं, वर-खालीचं. सगळं. मध्ये श्वास घेतला तो फक्त दोनदा.

“म्हंजे माझा आकडा बराबर हुता,” तो म्हणाला.

“व्हय.”

“कवा कळलं तुमाला, वैनी?”

मला म्हणता आलं असतं, आज सकाळी. त्याला कुणी सांगायला येणार नव्हतं.

“शुक्रवारी. तुझ्या खोपीतनं गेले तवाच.”

“शुक्कीरवार,” तो हळू म्हणाला. “शनवार. आयतवार.” बोटं मोजली नाहीत, नुसतं म्हणाला. मुबारकबीचे सुपातले हात थांबले.

“साहेबानं बलीवलंय. चल.”

तो आत गेला. मी उभी होते. ऊन चढलं होतं. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, धुतलेला पांढरा सदरा आणि ईदला घालतात ती टोपी घालून. माझ्यापुढे उभं राहून त्यानं सदऱ्याची बटणं एकेक करून लावली, अगदी गळ्यापर्यंत. मग चपला घातल्या आणि निघाला.

त्याच्या घरामागून ओढ्याकाठची पाऊलवाट थेट केंद्राकडे जाते. सगळे त्याच वाटेनं जातात. तो तिकडे वळला नाही. गावात जाणाऱ्या रस्त्याला लागला.

मी त्याच्या मागे निघाले. आमच्यात बाईनं पुरुषामागं चालावं हे खरं, पण मालक गेल्यापासून या गावात मी कुणाच्या मागे चालले नव्हते. माझ्या मागे गडी चालायचे, बाया चालायच्या, पोरगा चालायचा. पीरमहंमदही बावीस वर्षं चालला होता.

चावडीपाशी माणसं बसली होती. छगन लोहारानं भाता थांबवला आणि हाळी दिली, “काय झुंबरकाकू, पीरभाईच्या मागं मागं कुनीकडं?”

पीरमहंमद थांबला नाही, वळलाही नाही. पण त्याची चाल हळू झाली, उत्तर ऐकू येईल इतकी.

“केंद्रात,” मी म्हणाले. “त्येचा आकडा खरा हुता. खोटी मी हुते.”

छगनचा हात भात्याच्या दांड्यावर तसाच राहिला.

पुढे मारुतीचा पार होता, त्यापुढे कासारांची आळी, मग शाळा. पीरमहंमद सगळीकडून गेला. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला नाही. तो जेवढ्या सावकाश चालला तेवढ्याच सावकाश, त्याच्या मागे चार पावलांवर, गाव संपेपर्यंत मी चालत राहिले.